पंच म्हणून केलेली सही

ऑक्टोबर २०२२ मधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, न्यूजर्सी राज्यातील माझ्या लेकीच्या घरी, मी एका छापील कागदावर सही केली. ती सही मी पंच म्हणून करत आहे, अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ती सही म्हणजे पोलिसांना झडतीसाठी दिलेली संमती होती, आणि तीही माझ्या सामानाच्या नव्हे, तर वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका मुलाच्या खोलीच्या झडतीची. त्या सहीने काय काय घडवले हे पुरते कळायला मला पुढचे आठ महिने, अमेरिकेची दुसरी फेरी आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील पावणेदोन तास लागले.

ही समजूत का झाली, हे आधी सांगितले पाहिजे. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात एकतीस वर्षे नोकरी केली. सरकारी नोकरांना पंच म्हणून बोलावण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, विशेषतः लाचेच्या सापळ्यात. १९९८ साली मी अशा एका सापळ्यात पंच होते. अँथ्रासीन पावडर लावलेल्या नोटा, अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारी बोटे, हे सर्व झाल्यावर त्या लिपिकाच्या घराची झडती झाली. दारात पोहोचल्यावर पोलिसांनी आणि आम्ही दोघा पंचांनी आधी स्वतःची अंगझडती दिली, म्हणजे आम्ही बाहेरून काही आणून ठेवले असे पुढे कोणी म्हणू नये. लिपिकाची पत्नी ओट्याजवळ उभी होती. झडती घेऊ का, असे तिला कोणीही विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे झडतीची जागा ज्याच्या ताब्यात असेल त्याने पोलिसांना आत येऊ द्यायचे असते, परिसरातील दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष झडती व्हायची असते, आणि पंच होण्यास सबळ कारणाशिवाय नकार देणे हाच गुन्हा ठरतो. आता त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ ने घेतली असली, तरी गाभा तोच आहे. रात्री अकरा वाजता, कार्बन पेपर घालून हाताने लिहिलेल्या पंचनाम्याच्या प्रत्येक पानावर मी सही केली होती. झडती म्हणजे पोलीस, पंच आणि शेवटी सही, हे चित्र माझ्या मनात तेव्हापासून पक्के बसलेले होते.

लेकीचे घर दुमजली आहे. घराच्या कर्जाचा हप्ता जड जात असल्यामुळे तिने आणि जावयांनी वरच्या मजल्यावरील एक खोली महिना सातशे डॉलरने एका मुलाला दिली होती. तो आपल्याच देशातला, दुसऱ्या राज्यातला, नुकतीच पदवी घेऊन नोकरीला लागलेला. मला तो ‘आंटी’ म्हणे. त्याच्या खोलीला स्वतंत्र कुलूप होते आणि त्याची दुसरी किल्ली स्वयंपाकघरात खिळ्यावर टांगलेली असे. मी सप्टेंबरमध्ये पोहोचले. त्या पाच-सहा आठवड्यांत मी त्याच्या खोलीत एकदाच गेले होते. भर दुपारी पावसाची सर आली तेव्हा त्याची खिडकी उघडी दिसली म्हणून किल्लीने दार उघडून ती बंद केली. एरवी वाळलेल्या कपड्यांची त्याची टोपली मी दाराबाहेर ठेवत असे. एवढ्या बारकाव्यांना पुढे किती वजन येणार आहे, हे तेव्हा ठाऊक असते तर ती खिडकी भिजू दिली असती.

त्या दिवशी तीन पोलीस आले. एक गणवेशात, दोन साध्या कपड्यांत. लेक, जावई आणि तो मुलगा, तिघेही कामावर गेले होते. दार उघडल्यावर त्यांनी ओळखपत्रे दाखवली, त्या मुलाचे नाव घेतले आणि आत येऊ का, असे विचारले. दारात आलेल्या माणसाला आपण जे म्हणतो तेच मी इंग्रजीत म्हणाले: “कम, कम, सिट.” त्यांनी विचारले, “हे तुमचे घर आहे का?” मी म्हणाले, “येस, येस, अवर हाउस.” लेकीच्या घराला आई आणखी काय म्हणणार? पाणी विचारले, ते नको म्हणाले.

त्यानंतरचे बोलणे मला अर्धेच कळले. मी इंग्रजी वाचते, लिहिते, कार्यालयीन पत्रव्यवहार आयुष्यभर केला आहे. पण तिथले बोलणे भराभर येते आणि शब्दांची टोके गिळलेली असतात. दुसऱ्यांच्या क्रेडिट कार्डांवर मागवलेले महागडे मोबाइल या पत्त्यावर येत असल्याचा त्यांना संशय होता, इतके समजले. एका अधिकाऱ्याने ‘जज’ आणि ‘पेपर’ हे दोन शब्द एका वाक्यात उच्चारले आणि लगेच माझ्यापुढे कागद ठेवला, त्यामुळे हा न्यायाधीशांकडून आलेला कागद आहे असे मी धरून चालले. खरे तर तो म्हणाला होता की तुम्ही सही केली नाहीत तर आम्ही थांबू आणि न्यायाधीशांकडे वॉरंटसाठी अर्ज करू. कागदावरचा मजकूर त्याने वाचून दाखवला. मी नाव, तारीख लिहिली. ‘या जागेशी आपले नाते’ अशा रकान्यात मी इंग्रजीत ‘आई’ असे लिहिले आणि सही केली. किल्ली कुठे आहे, हेही मीच दाखवले. आता हे आधी स्वतःची अंगझडती देतील म्हणून मी जिन्यापाशी थांबले होते. ते सरळ वर गेले.

खोलीतून त्यांनी सात मोबाइल, काही कार्डे आणि एक लॅपटॉप आणला. ते खाली आले तोवर माझ्या फोनमुळे लेक घरी पोहोचली होती. तिने माझ्या हातातील प्रत वाचली आणि माझ्याकडे पाहिले, ते पाहणे मी विसरलेले नाही. पोलिसांनी तिला गॅरेज पाहू देण्याविषयी विचारले. तिने जावयांना फोन केला, नवा फॉर्म दोनदा वाचला आणि फक्त गॅरेजपुरती सही दिली. तिथे त्या मुलाच्या नावाची दोन न उघडलेली खोकी मिळाली. संध्याकाळी त्याला कामावरून येतानाच अटक झाली.

“आई, तू नाही म्हणू शकत होतीस,” असे लेक रात्री म्हणाली. पोलिसांना नाही म्हणता येते, हे वाक्य मला कोणत्याही भाषेत पटणारे नव्हते.

मी स्वतः कशात अडकते की काय या भीतीने लेकीने एका वकिलाची तासाभराची वेळ घेतली. त्यांनी सांगितले की मला धोका नाही, पण साक्षीसाठी बोलावणे येईल. मग उरलेले दिवस मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसून या विषयावर मिळेल ते वाचत राहिले. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि माझ्या सहीचा अर्थ दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा मला तो स्वतः समजून घ्यायचा होता.

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ सालची. अवाजवी झडतीपासून ती नागरिकाला संरक्षण देते, आणि घराच्या झडतीसाठी साधारणपणे न्यायाधीशांचे वॉरंट लागते. मात्र कोणी आपखुशीने संमती दिली तर वॉरंटची गरज उरत नाही. पेच असा की ही संमती ज्याच्यावर संशय आहे त्यानेच द्यावी लागते असे नाही. त्याच्यासोबत राहणारी तिसरी व्यक्तीही ती देऊ शकते. १९७४ च्या मॅटलॉक खटल्यात हे ठरले. विस्कॉन्सिनमधील एका गावात बँक दरोड्याच्या संशयिताला अंगणात पकडले, आणि घरातल्या बाईने, जी त्याच्याबरोबर एकाच खोलीत राहत होती, पोलिसांना आत घेतले. कपाटात बाळाचे लंगोट ठेवण्याच्या पिशवीत ४,९९५ डॉलर सापडले. दोघांचा त्या खोलीवर सामाईक वापर आणि सामाईक अधिकार होता, म्हणून तिची संमती पुरेशी ठरली. घर कोणाच्या नावावर आहे यावर हे ठरत नाही, जागा प्रत्यक्षात कोण वापरतो यावर ठरते. म्हणूनच १९६१ च्या चॅपमन खटल्यात घरमालकाने भाडेकरूच्या घराची दिलेली परवानगी, आणि १९६४ च्या स्टोनर खटल्यात हॉटेलच्या कारकुनाने पाहुण्याच्या खोलीची दिलेली परवानगी, दोन्ही न्यायालयाने अमान्य केल्या. म्हणजे माझी लेक घराची मालकीण असूनही त्या खोलीची परवानगी देऊ शकत नव्हती, मग तिच्याकडे पाहुणी आलेली तिची आई कुठली देणार!

इथवर वाचून मला बरे वाटले होते. पण पुढे १९९० चा रॉड्रिगेझ खटला आला आणि त्याने माझी झोप उडवली. शिकागोमधील एका बाईने पोलिसांना एका घराकडे नेले, ‘आमचे घर’ असा त्याचा उल्लेख केला आणि आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून दिले. ती काही आठवड्यांपूर्वीच ते घर सोडून गेली होती, म्हणजे तिला अधिकार नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तिला अधिकार आहे असे पोलिसांना त्या परिस्थितीत वाजवीपणे वाटले असेल, तर झडती चालते. ‘आमचे घर’ म्हणून किल्ली दाखवणारी बाई म्हणजे मीच होते.

आक्षेप घेणारा माणूस स्वतः दारात हजर असेल तर काय, याचेही निकाल आहेत. २००६ च्या रँडॉल्फ खटल्यात पत्नी हो म्हणाली, पण नवरा तिथेच उभा राहून नाही म्हणाला. त्याचा नकार वरचढ ठरला. २०१४ च्या फर्नांडिस खटल्यात नकार देणाऱ्याला पोलिसांनी अटक करून नेले, तासाभराने परत येऊन घरातल्या बाईची संमती घेतली, आणि ती वैध ठरली. आमचा मुलगा तर त्या वेळी पंधरा मैलांवर कामाला होता, त्यामुळे हा रस्ता बंद होता. न्यूजर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चाच कोल्स खटला अधिक जवळचा वाटला. त्यात त्या तरुणाच्या खोलीसाठी त्याच्या नातेवाईक बाईने संमती दिली होती. ती मावशी, आत्या की काकू हे इंग्रजीतून कळत नाही, आणि मला ते कळावेसे फार वाटले. तरुणाला पोलिसांनी जवळच गाडीत बेकायदा बसवून ठेवले होते, म्हणून ती झडती टिकली नाही.

आणखी दोन निकाल मी वहीत उतरवून ठेवले. १९६८ च्या बंपर खटल्यात नॉर्थ कॅरोलायनामधील ६६ वर्षांच्या एका आजीने, आपल्याकडे वॉरंट आहे असे पोलीस म्हणाले म्हणून त्यांना आत घेतले होते; अधिकारापुढे मान तुकवणे म्हणजे संमती नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. मी तेव्हा ६४ वर्षांची होते. दुसरा न्यूजर्सीचा, १९७५ चा जॉन्सन खटला. नकार देता येतो हे संमती देणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे असे केंद्रीय कायदा मानत नाही; न्यूजर्सी मात्र आपल्या राज्यघटनेच्या आधारे सरकार पक्षाला ते सिद्ध करायला लावते. नदी ओलांडून न्यूयॉर्कमध्ये लेकीचे घर असते तर मला विचारलेले प्रश्नच वेगळे असते.

मार्चमध्ये मी साताऱ्याला परतले आणि जून २०२३ मध्ये सुनावणीसाठी पुन्हा गेले. हा खटला नव्हता. खोलीत मिळालेल्या वस्तू पुराव्यातून वगळाव्यात या बचाव पक्षाच्या अर्जावरची सुनावणी होती. ज्यूरी नव्हती, एकट्या न्यायाधीशबाई होत्या. मला मराठी दुभाषी मिळाली, न्यायालयाच्या खर्चाने, दूरचित्रसंवादावरून. बोलण्यावरून ती विदर्भाकडची असावी. तिने शपथ घेतली, मग मी.

आधी पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. न्यूजर्सीत जून २०२१ पासून असे कॅमेरे कायद्याने सक्तीचे आहेत. स्वतःला असे पाहणे कठीण असते. पडद्यावर एक ठेंगणी बाई सारखी मान हलवत होती. ते मान हलवणे म्हणजे ‘ऐकते आहे’ होते, ‘मान्य आहे’ नव्हे, हे मला दिसत होते आणि इतर कोणाला दिसत असेल की नाही याची शंका वाटत होती. फॉर्म वाचून होऊन सही पडेपर्यंत पंचेचाळीस सेकंद गेले होते. नकार देण्याचा, झडती केव्हाही थांबवण्याचा आणि झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क, ही तिन्ही वाक्ये त्यात होती. अधिकाऱ्याने ती गाळली नव्हती, एवढे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

सरकारी वकिलांनी शांतपणे, एकामागून एक प्रश्न विचारले. मी घरात दिवसभर एकटी असे का? स्वयंपाक, कपडे मी पाहत असे का? किल्ली मला मोकळेपणी घेता येत असे का? पूर्वी त्या खोलीत मी कोणाला न विचारता गेले होते का? पावसाच्या खिडकीचे मी खरे ते सांगितले. “म्हणजे वाटेल तेव्हा तुम्ही जात होता,” असे ते म्हणाले. “पाऊस आला तेव्हा,” मी म्हणाले, आणि दुभाषीने ते तेवढ्याच शब्दांत सांगितले.

मग बचाव पक्षाच्या वकीलबाईंनी विचारले, “तुम्ही कोणत्या कागदावर सही करत आहात असे तुम्हाला वाटले?” मी म्हणाले, “मी पंच म्हणून सही केली.” दुभाषी थांबली. तिने ‘साक्षीदार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. न्यायाधीशांनी विचारले, कशाचे साक्षीदार? गुन्हा तर यांनी पाहिलेला नाही. दुभाषीने सांगितले की या शब्दाला नेमका इंग्रजी शब्द नाही, आणि स्वतः स्पष्टीकरण देणे तिच्या कामाच्या नियमात बसत नाही. तेव्हा न्यायाधीशांनी मलाच समजावून सांगायला लावले. मग १९९८ ची ती रात्र मी सांगितली. अंगझडती, कार्बन पेपर, प्रत्येक पानावरची सही, सगळे. पंच झडतीला परवानगी देत नाही, झडती आपल्या डोळ्यांदेखत झाली एवढेच सांगतो, आणि पंचाला सहसा नाही म्हणता येत नाही. सरकारी वकिलांनी मध्येच हरकत घेतली की भारतातील पद्धतीचा इथे संबंध नाही. संमती देणाऱ्याच्या मनात काय होते याच्याशीच आपला संबंध आहे, असे म्हणून न्यायाधीशांनी मला पुढे बोलू दिले.

माझ्यापुढे त्यांनी एकच प्रश्न ठेवला: “सही करायची नाही, असे तुमच्या मनात आले असते तर तुम्ही काय केले असते?” मी बराच वेळ गप्प राहिले. मग खरे होते ते सांगितले: “तसे मनात आलेच नसते.”

लेखी निकाल तीन आठवड्यांनी आला. मी खोट्या हेतूने बोलले नाही, असे त्यात होते. ‘अवर हाउस’ आणि किल्ली यांमुळे घरातील सामाईक भागापुरता माझा अधिकार पोलिसांना वाटणे वाजवी होते. पण कुलूप असलेली, एका प्रौढ व्यक्तीची खोली समोर दिसत असताना, आणि फॉर्मवर मालकाऐवजी ‘आई’ लिहिलेले असताना, तो मुलगा भाडे देतो का, एवढे एक वाक्य त्यांनी विचारायला हवे होते. शिवाय नकाराचा हक्क मला उमगला होता हे सरकार पक्ष सिद्ध करू शकला नाही. खोलीतल्या वस्तू पुराव्यातून वगळल्या गेल्या. लेकीने वाचून सही केलेल्या गॅरेजमधील दोन खोकी मात्र कायम राहिली, आणि पुढे त्या आधारावर त्या मुलाने एक कमी गंभीर आरोप कबूल केला, असे समजले.

एवढ्यावरून पुरावा बाद होतो याचे आमच्या साताऱ्यातल्या परिचित वकिलांना फार आश्चर्य वाटले. आपल्याकडे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही, प्रस्तुत असेल तर, न्यायालय सहसा विचारात घेते. पूरणमल खटल्यापासून तीच रीत आहे. अमेरिकेत राज्यांच्या न्यायालयांनाही असा पुरावा वगळावा लागतो, हे १९६१ च्या मॅप खटल्याने ठरवले. यातले बरे कोणते, यावर आम्हा दोघांचे एकमत झाले नाही. ज्यांच्या कार्डांवरून पैसे गेले त्यांचा विचार माझ्या मनातून अजूनही जात नाही.

त्या खोलीत आता एक विद्यार्थिनी राहते. करारात लेकीने एक ओळ वाढवली आहे, आणि स्वयंपाकघरातील खिळ्यावर त्या खोलीची किल्ली नसते. मी तिथे असते तेव्हा पाऊस आला आणि तिची खिडकी उघडी दिसली, तर मी तिला फोन करते.